कोट बसतो का?

३ ऑक्टोबर

माझ्या बाईंना त्यांच्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात ढ विद्यार्थिनीचा नमस्कार. आणि आजीच्या नात्याने दोन्ही गालांना एकेक मुका.

तुझं पत्र परवा आलं. पोस्टमन म्हणाला, "आजी, परदेशातलं आहे, तिकीट मला द्या." म्हटलं, "तिकीट घे, पण वाचताना पुढ्यात उभा राहू नकोस, मी अडखळते." तरी उभा राहिलाच मेला. मग मीही मोठ्यानेच वाचलं. शाळेत कायम झालीस या ओळीला आले आणि ती ओळ दोनदा वाचली. एकदा त्याच्यासाठी, एकदा शेजारणीच्या उघड्या दारासाठी.

दुसरीत होतीस, आठवतं? शाळेतून आलीस की पाटी घेऊन मलाच बसवायचीस. हातात माझीच पळी. माझा 'र' बघून म्हणायचीस, "आजी, हा र नाही, ही मोडकी काठी आहे." आता चाळीस-बेचाळीस पोरांसमोर उभी राहतेस. पळी नेत नाहीस ना? जोडाक्षर दिसलं की मी अजूनही वळसा घालून जाते हो, तेवढं सांभाळून घे.

तू विचारलंस, गोदामात नक्की काय करतेस, वर्गाला सांगायचंय. इतकी वर्षं झाली पण तुला कधी दाराच्या आत येऊ दिलं नाही. धुळीने छाती भरते. तर ऐक. सगळ्या जगाने टाकलेले कपडे इथे येतात. माणसाहून उंच गाठी. आम्ही बायका त्या सोडतो. लोकर वेगळी, सुती वेगळं, बटणं एका डब्यात, चेन दुसऱ्या डब्यात. मी पात्यावर बसते. पातं काही कुणालाही देत नाहीत, जुनी म्हणून माझा मान आहे. फाटकं असतं त्याचा पुन्हा धागा होतो, धाग्याची कांबळी होतात. चांगलं असतं ते, काय सांगू, चांगलंच असतं. कपड्याला दुसरा जन्म देतो आम्ही. तू लहान असताना मी हे सांगितलं की विचारायचीस, "मग त्यांना पहिला जन्म आठवतो का?"

आठवतो गं. खिशात असतो. कुणाची बसची तिकिटं, कुणाचा एकाच हाताचा मोजा, वाण्याकडची यादी आणि तिच्यात "साबण विसरू नको" खाली दोन रेघा. एकदा कागदात गुंडाळलेला दुधाचा दात निघाला. मी तो फेकला नाही. इतक्या लांबून आला, त्याला काय फेकायचं.

शेजारीण हाक मारतेय. तिला आणि तिच्या पिटुकलीला सोबत घेऊनच जाते रोज. पिटुकली दाराशी पोत्यावर बसून राहते, पाच वर्षांची आहे पण तोंड पन्नासचं.

पत्र लिही.
तुझी आजी

२६ ऑक्टोबर

प्रिय आजी,

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. रागावू नकोस. आणि मोडकी काठी फळ्यावर काढूनही दाखवली.

यंदा माझ्याकडे जागतिक नागरिकत्व हा विषय आहे. पुस्तकात मोठमोठी वाक्यं आहेत. आपण वापरतो ती वस्तू कुठून आली, वापरून झाल्यावर कुठे जाते, वाटेत कुणाचे हात तिला लागतात, हे मुलांना समजावं आणि पृथ्वी त्यांच्या नातवंडांनाही पुरावी, असा सगळा हेतू. पहिल्या दिवशी मुलं जांभया देत होती. मग मी तुझे खिसे काढले. दुधाच्या दाताला तर वर्ग उठून उभा राहिला. "तो कुणाचा? त्याच्या आईला माहीत आहे का?"

तेव्हाच कल्पना सुचली. प्रत्येकाने आपला लहान झालेला कोट आणायचा, आणि खिशात पत्र ठेवायचं, ज्याला तो मिळेल त्याच्यासाठी. कपडे गोळा करणारी इथे एक कंपनी आहे. त्यांचा माल तुमच्याच गोदामात येतो, मी विचारून घेतलं. गाठीवर आमच्या शाळेचा निळा पट्टा असेल. चांगले कोट तिथल्या मुलांच्या अंगावर जातील, असं मी वर्गाला सांगितलंय. प्रत्येक पत्राखाली मी आपल्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहून देतेय. जोडाक्षरं कमी ठेवलीत.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, फारशी बोलत नाही. तिने हिरवा कोट आणलाय, तिच्या धाकट्या भावाचा. तो गेल्या थंडीत आजाराने गेला. एक बटण तुटलं होतं, तिथे तिने स्वतः पिवळं लावलंय. पत्रात एवढंच आहे: "हा घालून बाहेर खेळ. बसतो का ते एकदा कळव."

आजी, तो कोट तू स्वतःच्या हाताने कुणाला तरी दे. मी तिला तसा शब्द दिलाय.

तुझी
बाई (पळीशिवाय)

२० नोव्हेंबर

माझ्या सोन्या,

मला वर्गात वाचलं! बेचाळीस पोरांनी! मी गोदामात सगळ्यांना सांगून आले, मुकादमालासुद्धा. तो म्हणाला, "आजी, आता तुम्ही पुस्तकात येणार." म्हटलं, पुस्तकात आले तर पहिलं पान तुझ्यावर, किती तास पंखा बंद ठेवतोस ते.

पण बाळे, कोट कशाला पाठवतेस? जहाजाने, इतक्या लांब. इथे थंडी ती काय असते? तिथल्याच कुणाला तरी द्या. शेजारपाजारी द्यावं माणसाने, लगेच दिसतं तरी. मुलांना म्हणावं, आजीकडे आधीच खूप आहेत. हे लवकर सांग हं त्यांना.

आज सकाळी धुकं इतकं होतं की समोरचा नळ दिसत नव्हता. पिटुकली दोन झगे एकावर एक घालून, वर पोतं पांघरून आली. मी म्हटलं, "कोण हो तुम्ही, बटाटे की कांदे?" तर म्हणते, "बटाटे. कांदा रडवतो." हसून हसून पोट दुखलं माझं.

माझा खोकला बरा आहे. म्हणजे आहे, पण बरा आहे.

कोटांचं मनावर घे.
आजी

८ डिसेंबर

प्रिय आजी,

तुझं पत्र आलं तेव्हा कोट निघून गेले होते. किती भिडस्त आहेस तू! "आधीच खूप आहेत" म्हणे. आणि पुढच्याच ओळीत ते पोरगं पोत्यात गुंडाळलेलं. मी वर्गाला तेही वाचून दाखवलं. दुसऱ्या बाकावरची हात वर न करता बोलली, पहिल्यांदाच. "बाई, ती पाच वर्षांची आहे? माझा भाऊपण पाचच होता. तिलाच द्यायला सांगा."

भिंतीवर जगाचा नकाशा लावलाय. आमच्या शाळेपासून तुझ्या गोदामापर्यंत लाल दोरा ओढलाय, रोज जहाज थोडं पुढे सरकवतो. मधल्या सुट्टीत ती एकटी नकाशाशी उभी असते.

तुझी बाई

१८ जानेवारी

माझ्या सोन्या,

निळ्या पट्ट्याची गाठ आली! मुकादमाने मलाच हाक मारली, "आजी, तुमचं माहेर आलं." बेचाळीस कोट, अगदी मोजून. कुणीतरी इस्त्री केलेली. इस्त्री करून टाकलेला कपडा मी जन्मात पाहिला नव्हता. बायका हात फिरवून बघत होत्या. मी सगळी पत्रं कमरेच्या पिशवीत भरली, घरी येऊन एकेक लावून वाचली. पाच दिवस लागले. एकाने लिहिलंय, "डाव्या खिशाला भोक आहे, पैसे ठेवू नकोस." केवढी काळजी त्या जिवाला. एकाने चित्र काढलंय, कोट स्वतःच चालत निघालाय, टोपी घालून.

~~बाळे, तुला एक सांगायचं राहिलंय, ते पातं~~ ही ओळ खोडली आहे, वाचू नकोस.

सोबत सहा उत्तरं आहेत. अजून जमतील तशी पाठवीन. हिरव्या कोटाचंही आहे. त्यात असं आहे: "हो, बसतो. बाह्या जरा लांब आहेत. पण मी वाढेन."

तिला वाचून दाखव. सावकाश वाच.

थंडी यंदा फार आहे. पाणी हातात धरवत नाही. तुझ्या गळ्याला जप.

आजी

९ फेब्रुवारी

प्रिय आजी,

उत्तरं वाचली. शेवटचं उत्तर संपेपर्यंत पोरं बाकांवरून पुढे वाकून ऐकत होती. मग एकदम गोंगाट.

सहाही कागदांवर मोडकी काठी आहे, आजी. मला काय तुझा 'र' ओळखू येत नाही? आधी वाटलं, सगळी तूच मनाने लिहिलीस की काय. मग कळलं. पिटुकलीला कुठलं लिहिता येतंय! बाकीचीही तशीच असणार, गोदामाभोवतीची. ती सांगत गेली आणि तू लिहून घेतलंस, हो ना? मी वर्गाला तसंच सांगितलं. खोडलेली ओळ मी वाचली नाही. नीट वाचता येतही नव्हती.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने "पण मी वाढेन" हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. काल तिची आई शाळेत आली होती. म्हणाली, वर्षभरात पहिल्यांदा ती रात्रीची जेवली पोटभर. आई बोलत असताना मी खिडकीबाहेर बघत होते, नाहीतर रडले असते.

तिची एकच मागणी आहे. कोट घातलेल्या पिटुकलीचा फोटो. मार्चमध्ये पालकांसाठी आमचं प्रदर्शन आहे, त्याआधी मिळाला तर फारच छान. पिवळं बटण दिसू दे.

तुझी बाई

२७ फेब्रुवारी

माझ्या सोन्या,

फोटो सोबत आहे. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने काढला आणि छापूनही आणून दिला. पिटुकली काय ऐटीत उभी आहे बघ, जसं काही गोदाम तिच्या बापाचंच. पिवळं बटण दिसतंय ना? त्या बटणासाठी तीन दिवस गेले माझे. डबा म्हणजे काय, समुद्र. पण सापडलं. पिवळी बटणं कमीच असतात, लोकांना रंगाची भीती वाटते.

पाठमोरा फोटो मागू नकोस. पाठमोरं काढू नये, शोभत नाही.

बोटात सुई गेली म्हणून अक्षर असं आहे. आधी तरी कुठे मोत्यासारखं होतं! जाड कापडाला माझी जुनी सुई पुरत नाही.

आणि बाळे, खरंच बसतो गं. मी उगाच लिहिलं नव्हतं. म्हणजे लिहिलं तेव्हा... जाऊ दे. आता बसतो. बाह्या लांबच आहेत, त्याही बरोबर निघाल्या. ती तो कोट घालून गल्लीत पळाली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. लोक म्हणाले, म्हातारीला वेड लागलं. लागू दे. पंचवीस वर्षांत हा एक कपडा मी अंगावर गेलेला पाहिला.

आजी

२० मार्च

प्रिय आजी,

प्रदर्शन झालं! फोटो दाराएवढा मोठा करून लावला होता. पिटुकली हसतेय, आणि लाल दोरा थेट तिच्या पिवळ्या बटणाला बांधलेला. पालक रांगेत उभे राहून बघत होते. मोठ्या बाई, आमच्या मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हा विषय पहिल्यांदा मुलांना समजला." दुसऱ्या बाकावरची फोटोशेजारी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "हिला बसतो."

कपडे नेणाऱ्या कंपनीचा माणूसही आला होता. त्याने फोटो त्यांच्या मासिकासाठी नेला. तिकडे छापून आला की तुमच्या मुकादमालाही दिसेल!

एक ओळ मात्र डोक्यातून जात नाही. पंचवीस वर्षांत एकच कपडा अंगावर गेलेला पाहिलास, असं लिहिलंयस. म्हणजे बाकीचे तुझ्या डोळ्यांसमोर जात नाहीत, एवढंच ना?

तुझी बाई

३० एप्रिल

प्रिय आजी,

सहा आठवडे झाले, पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? कंपनीकडून शाळेला एक चमत्कारिक पत्र आलंय, फोटोतल्या मुलीचं नाव-पत्ता मागणारं. मोठ्या बाईंनी उत्तर दिलं, की ती आमच्या शिक्षिकेच्या आजीची शेजारीण आहे, गोदामातच आई कामाला. यात काही चुकलं का?

दोन ओळी तरी लिही.
बाई

१६ मे

बाळे,

मुके शेवटी देईन, तुला हवे असले तर.

मी पात्यावर बसते म्हणजे काय करते ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. जमिनीत उभं पातं रोवलेलं असतं, विळीसारखं, पण माझ्या खांद्याएवढं. गाठ सुटली की कुठलाही कपडा पहिल्यांदा माझ्याकडे येतो. मी दोन्ही खांद्यांना धरते आणि पाठीतून खाली ओढते. एका ओढीत दोन तुकडे. चांगला असो, नवा असो, इस्त्रीचा असो. कागदावर तो चिंधी म्हणून येतो, म्हणून त्याने चिंधीच राहायचं. एक जरी अख्खा बाहेर विकायला गेला तर गोदामाचा परवाना जातो. लोकरीचे तुकडे दातांच्या यंत्रात जातात, त्यांचा धागा होतो, ते मी खोटं नाही सांगितलं. तुझ्या पोरांचे कोट लोकरीचे नव्हतेच. प्लास्टिकच्या धाग्याचे होते. त्यांचा धागाही होत नाही. ते मागच्या ढिगावर जातात आणि ढीग शनिवारी पेटवतात.

बेचाळीसच्या बेचाळीस मीच फाडले. पत्रं पिशवीत होती, म्हटलं घरी निवांत वाचू. हिरवा अकरावा होता. पिवळं बटण वेगळं दिसलं म्हणून लक्षात राहिला. घरी जाऊन वाचलं तेव्हा तो फाटून झाला होता.

मग मी "बसतो" लिहिलं. आणखी काय लिहायचं होतं? तूच सांग. "बसत नाही, कारण मी..." ते वाक्य मला पुरं करता येईना. जोडाक्षर नव्हतं एकही, तरी.

तू फोटो मागितलास तेव्हा मी आणि शेजारीण जेवणाच्या सुट्टीत ढिगावर गेलो. आमचं नशीब, धुक्याने आणि अवकाळी पावसाने ढीग ओला होता, तुमची गाठ आल्यापासून एकही शनिवार पेटला नव्हता. दोन्ही तुकडे सापडले. पिशवीत कोंबून आणले आणि पाठ शिवली. बटण लावलं. बाकी तू पाहिलंस.

थंडी सरली तरी पिटुकली कोट काढेना. घामाने भिजायची पण काढायची नाही. "माझ्यासाठी जहाजाने आलाय," म्हणून सांगत फिरायची.

मग ते मासिक आलं. कंपनीने विचारलं होतं, आमचा माल अख्खा बाहेर कसा? मुकादमाने सगळ्या बायकांना उभं केलं आणि पान दाखवलं. पोर कुणाची हे विचारायची गरजच नव्हती. तुमच्या मोठ्या बाईंचं पत्र त्याच्या हातात होतं. म्हणाला, "कोट कुणी नेला?"

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी पात्याकडे पाहत होते. सोने, मी पात्याकडेच पाहत राहिले. पातं गेलं तर या वयात मला कोण ठेवणार, असं काहीसं डोक्यात होतं. आता ते कारण आठवायला गेलं की सापडत नाही. ती थोडा वेळ थांबली, मी बोलेन म्हणून. मग म्हणाली, "मी नेला."

तिला तिथल्या तिथे काढलं. दाराशी बसलेल्या पिटुकलीच्या अंगातून कोट काढला. वाईट माणूस नाही तो मुकादम, बटणं हळू काढत होता. माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "आजी, तुमच्याच हातचं काम आहे." त्याला ठाऊक होतं. शिलाई कुणाची ते त्याला दिसत होतं.

मी दुसऱ्यांदा फाडला. माझाच टाका, जाड, दुहेरी दोऱ्याचा. पातं अडलं. दोनदा ओढावं लागलं.

पिटुकलीने विचारलं, "आजी, पुन्हा शिवशील ना?" मी म्हटलं, "हो."

पुढच्या आठवड्यात त्या दोघी खोली सोडून गेल्या. कुठे, ते दाराला विचारलं मी. दाराला कुलूप आहे.

फोटो उतरवून ठेव. त्या पोरीला खरं सांग, तू बाई आहेस, तुला जमेल.

आजी

१० जून

आजी,

चार वेळा लिहायला बसले.

मी मोठ्या बाईंकडे गेले होते, तुझं पत्र घेऊन. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "दहा वर्षांच्या मुलांना आशा शिकवायची असते. निराशा ती आपली आपण शिकतात." त्या मुलीच्या आईचा विचार कर, असंही म्हणाल्या. फोटो उतरवायचा नाही. पुढच्या वर्षी सगळी शाळा कोट देणार आहे. पत्रव्यवहार मात्र नको, त्यातून गुंते होतात.

मी नाही म्हणाले नाही.

वर्गात गेले, खडू घेतला, फळ्यावर तारीख लिहायला लागले. दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई, तिला अजून बसतो का?" मी न वळता म्हटलं, "बसतो." तिने वहीत काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही.

"चांगलं असतं ते चांगलंच असतं." हे वाक्य ऑक्टोबरमध्ये वाचलं तेव्हाच मला काहीतरी खटकलं होतं. तू गोष्ट टाळतेस तेव्हा अशीच बोलतेस, लहानपणापासून ओळखते मी. विचारलं नाही. विचारलं असतं तर वर्गाला सांगायला काही उरलं नसतं. तुझी खोडलेली ओळही मी उजेडात धरून वाचली होती. सगळी.

तेव्हा माफी मागू नकोस. मला शिकवायला तू होतीस, आणि तुला मी.

शेजारीण कुठे आहे ते शोधशील का?

तुझी नात

२१ जानेवारी

माझ्या सोन्या,

तुझं पत्र जूनमध्ये आलं. त्यानंतर तुझं नाही आणि माझंही नाही. पोस्टमन विचारतो, "आजी, परदेश रुसला का?" म्हटलं, परदेशाला कामं असतात. त्याने तिकिटांची वही आणून दाखवली मला, तुझी नऊ आहेत तिच्यात.

मुकादम बदलला. पंखा आता सुरू असतो दिवसभर. सुख लाभत नाही मला त्याचं, धूळ उलट जास्त उडते.

शेजारीण सापडली नाही. लांबच्या गोदामात आहे म्हणे कुणी, कुणी म्हणतं आणखी कुठे. सकाळी कामावर जाताना मी अजून तिच्या दारापाशी थांबते, मग आठवतं. यंदाही धुकं आहे. नळ दिसत नाही.

तर निळ्या पट्ट्याच्या गाठी आल्या. गेल्या वर्षी एक होती, या वर्षी अकरा. सगळ्या शाळेने दिले वाटतं. बायका म्हणाल्या, "आजी, तुमचं माहेर वाढलं की!" पुन्हा सगळे इस्त्रीचे. आणि नवीन गोष्ट म्हणजे सगळ्यांचे खिसे शिवलेले. वरच्या कडेने, बारीक मशीनची शिलाई, सगळीकडे एकसारखी. पहिल्यांदा मला कळेना. मग तुझ्या मोठ्या बाई आठवल्या. छान शिलाई आहे हो, नावं ठेवायला जागा नाही. कामही लवकर होतं. खिसे चाचपायला नकोत. दुपारपर्यंत तीन गाठी झाल्या. तरी हात सवयीने खिशाकडे जातोच, टाका लागला की परत येतो.

पाचव्या गाठीत एक कोट होता. राखाडी, मोठ्या मुलीच्या मापाचा. दहा-अकरा वर्षांची असेल. त्याचा डावा खिसा मशीनने नाही, हाताने शिवलेला होता. मोठमोठे वाकडे टाके, पिवळ्या दोऱ्याने. मशीनची शिलाई उसवून आत काहीतरी ठेवलं असावं आणि पुन्हा शिवलं असावं. दाबलं तर आत कागद वाजला.

तो कोट मी मांडीवर घेऊन बसले. नवा मुकादम म्हणाला, "आजी, झोपलात का?"

टाके उसवायला नखही पुरलं असतं. पण उघडलं तर वाचावं लागेल. वाचलं तर उत्तर लिहावं लागेल. तिने काय विचारलं असेल ते मला न उघडताही माहीत आहे, आणि तुलाही.

मी दोन्ही खांदे धरले आणि ओढला. खिसा डाव्या तुकड्याबरोबर मागच्या ढिगावर गेला, शिवलेलाच.

आज शनिवार आहे.

तुझी आजी